बोटीवरच्या माणसाचा पट्टा

एकदा एक म्हातारा घड्याळजी भर दुपारी दुकानाला कुलूप घालून कचऱ्याच्या गाडीमागे धावत सुटला. गावाने ते पाहिले आणि गाव हसले. जो माणूस चाळीस वर्षांत जेवायलासुद्धा दुकान बंद करीत नसे, तो लेंगा वर धरून धावतो, आणि धावतो कशासाठी, तर एका कुजलेल्या पट्ट्यासाठी. तो का धावला ते आधी ऐका. मग हसायचे असेल तर हसा.

गाव बंदराचे होते. निम्म्या घरांतले पुरुष बोटीवर नोकरीला. म्हणजे वर्षातले नऊ महिने घरात बायका, म्हातारी माणसे आणि भिंतीवरचे घड्याळ. घड्याळजीला सगळे तात्या म्हणत. जेट्टीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचे दुकान होते आणि त्या दुकानाचा एक नियम होता. घड्याळातून जो भाग काढायचा, तो गिऱ्हाइकाला परत द्यायचा. काच बदलली तर फुटकी काच, पट्टा बदलला तर जुना पट्टा, कागदाच्या पुडीत बांधून हातात. बरीच गिऱ्हाइके म्हणत, हा कचरा घेऊन काय करू, आणि पुडी तिथेच सोडून जात. तात्या ती टाकत नसत. पुडीवर नाव लिहीत आणि बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवून देत.

त्यांच्या हाताखाली कौसल्या शिकत होती. चौतीस वर्षांची बाई, सासर सोडून भावाकडे आलेली. भावजय तिला ताटात वाढताना वाटीकडे बघायची, हे एवढे सांगितले की बाकीचे तुम्हाला कळेल. तीन वर्षांपूर्वी ती दुकानाच्या पायरीवर येऊन म्हणाली होती, मला हे काम शिकवा. लोक म्हणाले, बाईचा हात बांगड्या भरायला, चाके बसवायला नव्हे. तिने त्याच दिवशी बांगड्या काढून ठेवल्या. कुणाला दाखवायला नाही. काम करताना त्या टेबलाला लागून आवाज करीत, म्हणून.

तीन वर्षे तिने सेल बदलले आणि पट्टे बदलले. घड्याळ उघडून आतल्या चाकांना हात लावायचा, तर तात्यांच्या शेजारी भिंगाच्या टेबलावर बसावे लागे. ती जागा तिला हवी होती. इतकी हवी होती की सकाळी झाडताना ती त्या रिकाम्या स्टुलावरून दोनदा फडके फिरवायची. तात्या म्हणत, “एखादं मोलाचं घड्याळ तुझ्या हातात येऊ दे. ते नीट केलंस की बस तिथं.”

डब्याचे मात्र तिला हसू येई. एकदा ती म्हणाली होती, तात्या, हे भंगारात द्या, मला डबा तरी मिळेल डाळ ठेवायला. तात्या नुसते हसले होते. तिने मनाशी ठरवून टाकले की हा नियम विश्वासासाठी आहे, भाग खरोखर बदलला हे गिऱ्हाइकाला दिसावे म्हणून. शिकणाऱ्या माणसाचे असेच होते. अर्धे कळले की पुढचे विचारीत नाही.

एका सकाळी पद्मिनीबाई सुर्वे दुकानात आल्या. नवरा मोठ्या बोटीवर इंजिनिअर होता, चार महिन्यांपूर्वी वारला. त्याचे घड्याळ त्यांनी रुमालातून काढून फळीवर ठेवले. परदेशी, नामांकित कंपनीचे, पोलादी कडा अजून आरशासारख्या. बढती मिळाली तेव्हा त्याने ते सिंगापुरात घेतले होते. त्या किमतीत गावात जागा आली असती, असे सासू मरेपर्यंत म्हणत होती. अठरा वर्षे ते त्याच्या मनगटावर होते आणि पट्टाही अठरा वर्षांचाच. मूळचा तपकिरी, आता घामाने काळा पडलेला, कडेने उकललेला. तिसरे भोक ओढून ओढून लांबट झालेले.

“निरंजन उद्या बोटीवर चढतोय,” पद्मिनीबाई म्हणाल्या. “पहिलीच बोट. बापाचं घड्याळ घालून जायचं म्हणतो, पण या पट्ट्याला म्हणे वास मारतो. नवीन काळा घाला, आणि हा कुजका द्या फेकून. पाच वाजता येते.”

त्यांचा आवाज कोरडा होता. ज्या बाईचा जन्म कुणाला तरी बोटीपर्यंत पोचवण्यात गेला, तिचा आवाज तसाच होतो.

त्या गेल्यावर तात्यांनी घड्याळ उचलून कौसल्येच्या तळहातावर ठेवले. म्हणाले, “हे तू कर.” आणि कोर्टातले घड्याळ बंद पडले होते ते बघायला निघून गेले.

पट्टा दोन बारीक पिनांनी घड्याळाला धरलेला असतो. टोकदार हत्यार आत घालून पिन दाबायची, की ती सुटते. तात्यांची पद्धत अशी की हत्यार लावण्याआधी आजूबाजूच्या धातूवर चिकटपट्टी चिकटवायची. हात सटकला तरी ओरखडा चिकटपट्टीवर पडतो. कौसल्येने एका बाजूला चिकटपट्टी लावली. पहिली पिन अलगद निघाली. इतकी अलगद, की दुसऱ्या बाजूला तिने चिकटपट्टी लावलीच नाही.

दुसरी पिन हलेना. अठरा वर्षांच्या घामाने ती आत गंजून बसली होती. कौसल्येने जोर लावला. हत्यार सटकले. आवाज काही झाला नाही.

घड्याळाच्या चकचकीत कडेवर नखाएवढा पांढरा ओरखडा उमटला होता. घालणाऱ्याने मनगट वळवले की पहिला तोच दिसावा, अशा जागी.

समोरच्या खणात घासायचे मलम होते. मलमाने ओरखडा गेला असता, पण घासलेल्या जागेची झळाळी निराळी दिसली असती, हे तिला कळत होते. कळत नसते तर तिने घासलेही असते. उगाच तिला संत करायला नको. तिने खण उघडला, बंद केला. नवीन पट्टा बसवला. आणि मग तिचा सगळा राग त्या जुन्या पट्ट्यावर गेला. याच्याच घाणीने पिन धरली, याच्याच पायी आपली जागा गेली. तेवढ्यात घंटागाडीचे गाणे वाजत आले. तिने पट्टा कचऱ्याच्या डब्यात आपटला आणि डबा नेऊन गाडीत उपडा केला.

गाडी पुढे गेली तोच, साडेबाराला, तात्या परतले. ती उभीच होती.

“तात्या, ओरखडा पडला. माझ्या हातून. दुसऱ्या बाजूला चिकटपट्टी लावली नव्हती.”

तात्यांनी डोळ्याला भिंग लावले. घड्याळ उजेडाकडे वळवले. पाहिले, आणि खाली ठेवले. कौसल्या वाट पाहत होती ती एका वाक्याची, उद्यापासून येऊ नकोस. भावजयीच्या घरात दिवसभर बसायचे कसे, याचा विचारही तिच्या मनात येऊन गेला.

तात्या म्हणाले, “जुना पट्टा कुठाय?”

“टाकला.”

“कुठं टाकलास?”

“घंटागाडीत. त्याच म्हणाल्या ना, फेकून द्या म्हणून.”

म्हाताऱ्याच्या तोंडावरचा रंग उतरला. ओरखडा पाहून जो उतरला नव्हता, तो आता उतरला. त्यांनी घड्याळ खणात ठेवून किल्ली फिरवली, चपला घातल्या, दुकानाला कुलूप घातले आणि चालू लागले. चार पावलांनी चालण्याचे धावणे झाले. कौसल्या मागोमाग. तिला वाटले, धक्क्याने यांच्या डोक्यावर परिणाम झाला. एवढ्या किमतीचे घड्याळ ओरखडले त्याचे काही नाही, आणि सडक्या चामड्यामागे धावतात.

गाडी दोन गल्ल्या पुढे होती, मग तीन. शेवटी ती मासळीबाजारामागच्या आवारात शिरली. गावाच्या गाड्या तिथे रिकाम्या होत आणि सात-आठ बायका कचरा निवडीत. त्यांची मुकादम पुतळाबाई. तिच्या तोंडाला सगळी नगरपालिका भिऊन असे.

“काय तात्या,” ती म्हणाली, “काटा पडला का कचऱ्यात? कुठला, मोठा का धाकटा?”

बायका हसल्या. तात्यांना दम लागला होता. घड्याळाचा जुना पट्टा, एवढेच ते म्हणू शकले.

“पट्टा? माझ्या पोरांचे चार देते तुम्हाला. त्यातल्या दोनांना बक्कलसुद्धा आहे.”

“सुर्व्यांचा आहे, पुतळा. बोटीवरच्या. गेला ना तो.”

हसणे थांबले. पुतळाबाईने हातातली पिशवी खाली टाकली.

“मागं बायको आहे?”

“आहे.”

तिने पदर खोचला आणि गाडीवाल्याला विचारले, जेट्टीच्या रस्त्याचा माल कुठल्या ढिगात ओतलास. मग त्या सगळ्या त्या ढिगाशी बसल्या. तात्या बसले, कौसल्याही बसली. माशांची खवली, शहाळ्यांची टरफले, कुणाच्या तरी घरच्या उष्ट्या भाताची पिशवी. अर्धा तास गेला. कुणी विचारले नाही की पट्टा सापडून काय उपयोग. त्या बायका रोज इतरांनी टाकलेले हाताळतात. त्यांना विचारावे लागत नसावे.

सापडला तो पुतळाबाईलाच. एक टोक चहाच्या चोथ्यात भिजले होते. कौसल्येने तो घेतला आणि लगबगीने आवारातल्या नळाकडे निघाली.

“पाणी लावू नकोस!”

तीन वर्षांत तात्या तिच्यावर पहिल्यांदा ओरडले. ती जागच्या जागी थांबली. त्यांनी पट्टा तिच्या हातून घेतला, चोथा बोटाने निपटला आणि रुमालात गुंडाळला. मग आवाराच्या कट्ट्यावर बसले. कौसल्या समोर उभी राहिली. तिच्या हाताला मासळीचा वास येत होता आणि डोळ्यांत पाणी आले होते. काय चुकले ते ठाऊक नसताना बोलणी खाल्ली की येते तसे.

“बस,” तात्या म्हणाले. “ओरखडा तुझा आहे. तो बाईंना तू तोंडाने सांगायचा, त्या काय बोलतील ते ऐकून घ्यायचं. पण ओरखडा पडला तरी घड्याळ जागेवर आहे. गेला होता तो पट्टा.

“माझी बायको गेली, तेव्हा मला वाटलं, लोक भेटायला येतील, घर स्वच्छ पाहिजे. तिसऱ्या दिवशी मी तिची सगळी लुगडी धुतली. उशीचा अभ्रा धुतला. फणीसुद्धा गरम पाण्यात टाकली. अगदी नीटनेटकं काम, आपल्या धंद्यासारखं. बारावा झाला, माणसं आपापल्या गावी गेली. मग मी कपाट उघडून बसलो. एकेक लुगडं नाकाला लावायचो आणि खाली ठेवायचो. सगळ्यांना साबणाचा वास. एक तरी राहून गेलं असेल म्हणून दोन दिवस शोधलं. नव्हतं राहिलं. मीच धुतलं होतं ना, मग कसं राहणार?

“माणूस तोंडानं म्हणतं, फेकून दे. काय फेकतोय ते त्याला तेव्हा ठाऊक नसतं. ज्या दिवशी ठाऊक होतं, त्या दिवशी ते कुठंतरी असायला हवं. म्हणून आपल्या दुकानात जुना भाग परत द्यायचा, आणि नको म्हणाले तर ठेवून द्यायचा.”

कौसल्या म्हणाली, “डब्यात आहेत, त्यांचं काय?”

“त्यांना अजून ठाऊक व्हायचंय. कुणाकुणाला कधीच होत नाही. ते सुखी.”

पाच वाजता पद्मिनीबाई आल्या. त्यांनी घड्याळ हातात घेण्याआधीच कौसल्येने सांगून टाकले. पट्टा काढताना माझा हात सटकला, कडेला ओरखडा पडला, चूक माझी. तिने घड्याळ वळवून ती जागा दाखवलीही.

पद्मिनीबाईंनी पाहिले. आणि त्या जे बोलल्या ते सगळे इथे लिहीत नाही. ह्यांनी अठरा वर्षे साधी भिंतीला टेकू दिली नव्हती ती वस्तू, एक दिवस तुमच्या हातात दिली तर ही दशा. ज्याला काम येत नाही त्याने शिवण शिकावे, पापड लाटावेत. तात्यांना म्हणाल्या, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तात्यांनी मान खाली घातली. कौसल्येनेही घातली. एकानेही ‘पण’ म्हटले नाही.

“उद्या पोरगा बापाचं घड्याळ लावून बोटीवर चढणार,” त्या शेवटी म्हणाल्या, “आणि मी ते असं देऊ त्याला?”

बोलता बोलता त्यांनी घड्याळ कानाशी नेले, चालू आहे ना बघायला. कानाकडून खाली आणताना ते नाकाजवळ थांबले. त्यांनी काही ठरवले नव्हते. हात आपला तिथे गेला. नव्या चामड्याचा, गोंदाचा वास. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. आपल्याच दाराची कडी वाजवावी आणि आतून अनोळखी माणूस यावा, तसा त्यांचा चेहरा झाला. राग होता तो कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी काय आले ते त्यांनाही सांगता आले नसते.

“यात काहीतरी...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

तात्यांनी कौसल्येकडे पाहिले. कौसल्येने कागदाची पुडी बाईंच्या हातात ठेवली.

पद्मिनीबाईंनी पुडी सोडली. पट्टा पाहिला. मग तो तोंडाशी धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. रस्त्यावरून दोन रिक्षा गेल्या. करंगळीचे टोक त्यांनी त्या लांबट झालेल्या तिसऱ्या भोकात घातले होते.

“नऊ-नऊ महिन्यांनी यायचे,” त्या हळू म्हणाल्या. “कडी मीच काढायची. दार उघडलं की आधी हा वास यायचा. माणूस त्याच्या मागून.”

त्यांनी पट्टा पुन्हा नाकाशी नेला.

“याला चहाचा वास कसा?”

“मी फेकला होता,” कौसल्या म्हणाली. “तात्यांनी कचऱ्यातून शोधून आणला. चहा त्यातलाच.”

पद्मिनीबाईंना हसू आले, आणि त्या हसण्याबरोबर डोळ्यांतले पाणी खाली आले. “असू दे. त्यांना चहा लागायचाच.”

त्यांनी पट्टा पुन्हा कागदात बांधला. पर्समध्ये नाही ठेवला, ब्लाउजमध्ये ठेवला. मग घड्याळ रुमालात घेतले. घड्याळ उद्या समुद्रावर जाणार होते, पोरगाही जाणार होता. सकाळी त्यांना वाटले होते की आपण एक पट्टा बदलायला आलो आहोत. आपण नवऱ्याचे घरात उरलेले शेवटचेही बाहेर देऊन मोकळ्या होणार होतो, हे त्यांना आत्ता, पायरीवर उभे राहून कळत होते.

पायरी उतरता उतरता त्या वळल्या.

“ओरखडा आहे तसा राहू दे. निरंजनला सांगेन, पट्टा बदलताना पडला. खरं तेच.” मग कौसल्येकडे बघून, “नऊ महिन्यांनी तो येईल. तोवर हाही पट्टा घाण होईल. तेव्हा तो तूच बदल. चिकटपट्टी लावून. दोन्हीकडे. आणि जुना माझ्या हातात दे, त्याच्या नको.”

त्या गेल्या. तात्यांनी भिंगाच्या टेबलाशेजारचे रिकामे स्टूल पायाने थोडे पुढे सरकवले आणि हात धुवायला मागे गेले.

कौसल्या लगेच त्यावर बसली नाही. फळीवरून तिने तो पत्र्याचा डबा खाली काढला आणि उघडला. पुड्याच पुड्या. नाखवा, मास्तरीणबाई, पोस्टातले देसाई, भाटल्यांची मोठी सून. कुणाचा पट्टा, कुणाची काच, कुणाचा तुटका काटा. तिने एकूण एक पुडी बाहेर काढली, तळापर्यंत पाहिली. एका नावाची पुडी ती शोधत होती. ती नव्हती. डब्यात सगळ्या गावाचे होते, तात्यांचे काही नव्हते.

तिने पुड्या होत्या तशा परत लावल्या. त्यानंतर डाळीसाठी डबा तिने कधी मागितला नाही.

घरातले माणूस गेले की महिनाभर साबणाला हात लावू नका. मळ कुठे पळून जात नाही.